पानातले जीवनसत्त्व

बाळाची काळजी केव्हापासून घ्यायची? 'जन्मल्यापासून', असे उत्तर पूर्वी मिळे. पुढे 'आईला दिवस गेल्यापासून', असे म्हटले जाऊ लागले. आज विज्ञान त्याच्याही मागे जायला सांगते. या उत्तराचा पहिला धागा मुंबईत सापडला होता.

१९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईला आल्या. गरोदर बायकांना होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचे कारण त्यांना शोधायचे होते. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांत तो आढळे आणि पुष्कळदा जिवावर बेते. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी असत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडले तर पेशी लहान होतात. म्हणजे इथे कमी पडत होते ते काहीतरी निराळे.

विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. तेव्हा त्यांनी या बायकांच्या जेवणाकडे लक्ष वळवले. भाज्या, फळे आणि प्रथिने त्यात फारच तोकडी होती. तसाच आहार प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि पुढे माकडांना दिल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला. यीस्टचा साधा, स्वस्त अर्क दिल्यावर मात्र रुग्ण बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्टमधला गुणकारी पदार्थ कोणता, हे कळले नव्हते. त्याला 'विल्स घटक' म्हणत.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढण्यात आला. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून तो 'फॉलिक आम्ल'. यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनप्रमुख असलेल्या लेडर्ले प्रयोगशाळेत १९४५ पर्यंत ते कृत्रिमरीत्याही तयार झाले. विल्स घटक तो हाच.

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्या कामाला फोलेट, म्हणजे अन्नातले हेच जीवनसत्त्व, लागते. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण वेळेवर विभागत नाही. मोठ्या पेशींचे कोडे असे उलगडले.

आता गर्भाचा विचार करू. तिथे पेशींचे विभाजन अतिशय वेगाने चालते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. ती उघडी राहिली, तर मुलाच्या मणक्यात फट राहते किंवा मेंदूच नीट घडत नाही. १९६५ साली हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी लिव्हरपूलमध्ये या दोषांचा फोलेटशी संबंध असावा असे सुचवले. पक्का पुरावा १९९१ साली मिळाला. आधीच्या गर्भात असा दोष आढळलेल्या, सात देशांतल्या १८१७ स्त्रियांवर चाचणी झाली. फॉलिक आम्ल घेणाऱ्यांत दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

२८ दिवस म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे. तोवर पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. दवाखान्यात नाव घालेपर्यंत ही संधी निघून गेलेली असते. म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शाळेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. तिचा मुख्य हेतू रक्तक्षय रोखणे हा आहे; पुढे लागणाऱ्या रोजच्या गोळीची जागा ती घेत नाही. पण या विषयाची ओळख करून द्यायला याहून चांगले निमित्त नाही. त्यासोबत स्वयंपाकघराबद्दलही बोलावे. पालेभाज्या, हरभरा, मूग, चवळी यांत फोलेट भरपूर असते. मात्र ते उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यात उतरते. म्हणून भाजी फार वेळ शिजवू नये आणि शिजवलेले पाणी ओतून देऊ नये.

गोळी तोंडात टाकण्यापूर्वी 'ही कशासाठी?' असे मुले विचारतात. त्यांना 'सरकारने दिली आहे' एवढेच उत्तर देऊ नये. मुंबईच्या त्या गिरणीतल्या बायकांची हकिकत सांगावी.