बडोद्याचा ‘वृश्चिक’

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला बडोदे परके वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या महाराजा सयाजीरावांच्या नावाचे विद्यापीठ तेथे १९४९ साली स्थापन झाले. पुढच्या वर्षी ललितकला शाखा निघाली आणि चित्रकला शिकवावयास इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले. याच शाखेच्या परिसरात १९६९ साली ‘वृश्चिक’ नावाचे छोटेखानी इंग्रजी नियतकालिक जन्मास आले.

संपादक दोघेही गुजराती. गुलाममोहम्मद शेख हे बेंद्र्यांचे विद्यार्थी व शाखेतील अध्यापक. भूपेन खख्खर सनदी लेखापाल, हिशेबाच्या वह्यांतून उरलेल्या वेळात चित्रे काढणारे. (कचेरीत जन्म काढलेल्या आम्हां मंडळींना हे वाचून अंमळ हुरूप यावा!) ‘वृश्चिक’ विद्यापीठाचे अधिकृत मुखपत्र नव्हते; पण बडोद्याच्या त्या कलावंत मंडळींवाचून ते निघालेच नसते. कविता, लेख आणि चित्रकारांची मुद्राचित्रे अंकांतून येत.

नावाप्रमाणे नांगीही होती. १९५४ साली स्थापन झालेल्या ललित कला अकादमीचा कारभार मूठभरांच्या हाती आहे, अशी चित्रकारांची तक्रार होती. १९७०-७१ च्या सुमारास ‘वृश्चिक’ने ती उघडपणे मांडली. अकादम्यांच्या कारभाराची तपासणी करण्यासाठी केंद्र सरकारने १९७० मध्ये न्यायमूर्ती खोसला यांची समिती नेमली व १९७२ मध्ये तिचा अहवाल आला. याचे सारे श्रेय एका छोट्या मासिकास देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि अर्ज फायलीत निजून राहू शकतो, छापलेली तक्रार तितकी सहज निजत नाही, हे आम्ही सरकारी नोकरीतील अनुभवाने सांगू शकतो.

आम्हांस मात्र अधिक मोलाचा वाटतो तो १९७० चा संतकवितेचा विशेषांक. अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी सिद्ध केलेल्या या अंकात अरुण कोलटकरांनी इंग्रजीत आणलेले जनाबाईंसारखे मराठी संत आहेत. शाळकरी इंग्रजीतला भाविक गोडवा त्यांत नाही. दळणकांडणाची बोली तेथे आजच्या माणसासारखी बोलते. कित्येक वारकरी घरांना ते रुचणार नाही. पण परप्रांती वाढलेली आमची मुले इंग्रजी अस्खलित वाचतात आणि ओवी-अभंगापाशी अडखळतात. त्यांच्या हाती जनाबाई द्यावयाची कशी, हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे.

‘वृश्चिक’ १९७३ साली बंद पडले. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने त्याचे अंक आता संगणकावर उपलब्ध केले आहेत. मुलांसमवेत पाहावयाचे झाल्यास संतांचा अंक आधी उघडावा.