मरोद्याचा फिटर

भिलाईचा इतिहास सांगायला तारखा तयार असतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं. १९६० मध्ये रेल मिल सुरू झाली आणि देशाचे रूळ इथे बनू लागले. माझे वडील या यादीत कुठेच नाहीत. ते १९६४ साली नागपूरहून आले, फिटर म्हणून लागले आणि पुढचं सगळं आयुष्य मरोद्यात राहिले. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने आधी त्यांचा एखादा विनोद सांगितला आणि मग डोळे पुसले.

ते आले तेव्हा कारखान्याची क्षमता दहा लाख टनांवरून पंचवीस लाख टनांवर नेण्याचं काम चालू होतं. रशियन तज्ज्ञ, केरळ, पंजाब, आंध्र, बिहारचे कामगार आणि आसपासच्या गावांतले छत्तीसगढी लोक एकाच छपराखाली होते. दुभाषे असत, पण साहेबांसोबत. मशीनपाशी सगळं हातवाऱ्यांवर चाले. कपलिंग किती सरकवायचं हे बाबा मिशीला हात लावून विचारत: एक केस की दोन? मी तौलनिक साहित्यात एम. ए. करून अनुवाद करू लागले, तेव्हा ते म्हणाले, "घरातला पहिला दुभाषा मी. मला डिक्शनरी लागली नाही, एवढंच."

१९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरच होती. सीमा बदलली, सण राहिले. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवतात. छत्तीसगढात पोऱ्याला मातीचे चाकवाले बैल ओढतात. बाबांनी दोन्ही सण एकत्र केले. बैल लाकडी, चाकं मात्र सायकलच्या दुकानातून आणलेल्या जुन्या बेअरिंगची. आमचा बैल उतारावर सुटला की सगळ्या गल्लीच्या पुढे जायचा आणि बाबा त्याच्यामागे "ब्रेक लावायचा राहिला रे!" म्हणत धावायचे. नातवंडांच्या वेळीही हाच खेळ चालला, फक्त धावणं कमी झालं.

या हसण्याआड कसब लपून राही. लांब पेचकसाचं टोक ते बेअरिंगच्या घरावर टेकवत आणि मूठ कानाला लावत. आवाज भरड आला तर ग्रीस गेलंय. ठरावीक वेळाने टकटक आली तर गोळीला किंवा रिंगला खड्डा पडलाय. बंद पडण्याआधी मशीन सांगते, असं त्यांचं म्हणणं. "बायकोसारखी," असं ते जोडत आणि आईकडून बोलणी खात.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईच्या कामगारांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं 'क्लासेस ऑफ लेबर' हे पुस्तक २०२० मध्ये आलं. 'नौकरी' आणि 'काम' या दोन साध्या शब्दांतलं अंतर त्यांनी मोजलं आहे. कायम कामगाराची ती नौकरी, ठेकेदाराकडचं ते काम. ते वाचताना मला बाबा वेगळे दिसले. त्यांचा स्वभाव हसरा होता हे खरंच. पण महिन्याचा पगार, क्वार्टर, दवाखाना आणि मुलांची शाळा पक्की होती, म्हणून त्या स्वभावाला जागा मिळाली. त्याच आवारात, तीच हत्यारं घेऊन राबणाऱ्या ठेक्यावरच्या माणसाला ती जागा नव्हती. बाबांना हे ठाऊक होतं. डब्यातली एक भाकरी ते नेहमी जास्तीची न्यायचे. का, हे आईने कधी विचारलं नाही.

माझा भाचा आज फिटर आहे, ठेक्यावर. आजोबांची नक्कल तो हुबेहूब करतो, पण कामावर नाही, घरीच. तेराव्याच्या दुपारी कूलर कुरकुरू लागला. तो उठला, बाबांचा पेचकस काढला, टोक मोटरवर टेकवून मूठ कानाला लावली. आम्ही सगळे गप्प झालो.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"ग्रीस मांगत आहे, आजी," तो म्हणाला. "आणि म्हणते, ब्रेक लावायचा राहिला."

आई त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.