लेखाखाली आधी काय दिसणार? वर्डप्रेसवर बटणं, चौकटी आणि सूचनांचा क्रम असा ठरतो

व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर आलेली ब्लॉगची लिंक उघडली की लेखासोबत बरंच काही दिसतं. शेअरची बटणं, लेखकाची ओळख, 'हेही वाचा'ची यादी, न्यूजलेटरची चौकट आणि जाहिराती. कधी कधी लेख संपताच अशा चार-पाच चौकटी एकाखाली एक लागतात आणि 'हा लेख सशुल्क भागीदारीतून तयार केला आहे' ही महत्त्वाची ओळ पार तळाशी जाते.

हा क्रम अनेकदा कुणी विचार करून लावलेला नसतो. वर्डप्रेसवर चालणाऱ्या ब्लॉगवर तो बहुतांशी एका साध्या आकड्यावर ठरतो. तो आकडा नेमकं काय करतो?

एकाच पानावर तिघांचं काम

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. पुढच्याच वर्षी १.२ या आवृत्तीत प्लगिनची सोय झाली. आज ब्लॉगचं पान तिघं मिळून तयार करतात. वर्डप्रेस लेख साठवतं आणि पुरवतं. थीम पानाचा साचा ठरवते: शीर्षक कुठे, लेख कुठे, प्रतिक्रिया कुठे. प्लगिन त्यात जादा गोष्टी घालतात.

प्लगिनला थीमच्या फाइलींना हात न लावता पानात शिरता यावं, यासाठी वर्डप्रेसने ठिकठिकाणी जागा ठेवल्या आहेत. त्यांना 'हुक' म्हणतात. हुक दोन प्रकारचे असतात. 'ॲक्शन' म्हणजे ठरावीक वेळी एखादं काम करण्याची संधी. 'फिल्टर' म्हणजे हातात आलेला मजकूर बदलून पुढे देण्याची संधी.

लेखाच्या बाबतीत सर्वांत गजबजलेला फिल्टर म्हणजे 'द कंटेंट'. लेखाचा मजकूर पडद्यावर येण्याआधी या फिल्टरमधून जातो आणि प्रत्येक प्लगिन त्याला आपलं काहीतरी जोडतं.

१० या आकड्याचं महत्त्व

हुकवर काम नोंदवताना प्लगिन एक आकडा देतं. त्याला 'प्रायॉरिटी' म्हणतात. नावावरून वाटेल की मोठा आकडा म्हणजे जास्त मान, पण इथे तसं नाही. लहान आकडा आधी चालतो, मोठा नंतर. आकडा दिलाच नाही तर तो १० धरला जातो. दोघांचा आकडा सारखा असेल तर ज्याची नोंद आधी झाली, तो आधी चालतो.

अनेक प्लगिन १० वरच राहतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. वर्डप्रेस चालू प्लगिनची यादी फोल्डरच्या नावानुसार, इंग्रजी अक्षरक्रमाने ठेवतं. त्यामुळे दोन चौकटींपैकी वर कोणती दिसणार, हे कधी कधी केवळ प्लगिनच्या फोल्डरच्या नावावर ठरतं.

जेटपॅक या लोकप्रिय प्लगिनने मात्र आकडे विचारपूर्वक वेगळे ठेवले आहेत. त्याची पूर्वापार शेअर बटणं १९ वर, 'लाइक' ३० वर आणि संबंधित लेखांची यादी ४० वर असते. म्हणून लेखाखाली आधी शेअर, मग लाइक, मग संबंधित लेख असा क्रम दिसतो. दुसऱ्या एखाद्या प्लगिनची लेखक-चौकट शेअर बटणं आणि लाइकच्या मध्ये आणायची असेल, तर तिला २५ हा आकडा द्यावा लागेल.

लेखाच्या वर क्रम उलटा

लेखाच्या खाली गोष्टी जोडताना लहान आकड्याची चौकट आधी लागते आणि मोठ्या आकड्याची तिच्या खाली. लेखाच्या वर जोडताना मात्र उलट होतं. नंतर येणारा सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. लक्षात ठेवायला सोपा नियम असा: वर असो की खाली, लहान आकडा लेखाला चिकटून राहतो आणि मोठा आकडा लांब जातो.

याच फिल्टरवर वर्डप्रेसची स्वतःची कामंही चालतात. ब्लॉक तयार करण्याचं काम ९ वर, ओळींचे परिच्छेद करण्याचं काम १० वर, तर शॉर्टकोड उलगडण्याचं काम ११ वर होतं. प्लगिनने १० च्या आधी चौकट घातली तर तिच्यातही नको तिथे परिच्छेद पडू शकतात. ११ नंतर शॉर्टकोड घातला तर तो उलगडत नाही, चौकोनी कंसांसकट तसाच दिसतो.

आकडा ९९९ केला, तरी चौकट हलत नाही?

असं झालं तर ती चौकट बहुधा प्लगिनची नसून थीमची असते. 'द कंटेंट' फिल्टरला फक्त लेखाच्या मजकुरापुरता अधिकार आहे. लेखक-चौकट, मागचा-पुढचा लेख, प्रतिक्रिया हे भाग थीम अनेकदा मजकूर छापून झाल्यावर वेगळे छापते. प्लगिनचा आकडा कितीही मोठा केला तरी त्याची चौकट या भागांच्या खाली जाऊ शकत नाही. तिथे थीमने दिलेले स्वतःचे हुक वापरावे लागतात. जेनेसिस, जनरेटप्रेस अशा थीममध्ये ते असतात.

क्रम बदलायचा कसा?

* आधी सेटिंग पाहावं. बऱ्याच प्लगिनमध्ये 'लेखाच्या वर', 'लेखाच्या खाली' किंवा प्रायॉरिटीचा आकडा निवडण्याची सोय असते.
* काढून पुन्हा जोडावं. सेटिंग नसेल तर जुनी नोंद काढून नव्या आकड्यावर पुन्हा करता येते. काढताना मूळ आकडा अगदी तोच द्यावा लागतो. १९ वरची नोंद १० सांगून निघत नाही आणि चुकीचा कुठला संदेशही येत नाही.
* वेळ पाळावी. प्लगिनने नोंद करण्याआधीच ती काढायचा प्रयत्न केला तर काहीच होत नाही.
* कोड चाइल्ड थीममध्ये ठेवावा. मूळ थीम किंवा प्लगिनच्या फाइलीत केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो.
* ब्लॉक थीम असेल तर साइट एडिटर वापरावा. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.९ आवृत्तीपासून थीमचे भाग माउसने ओढून वर-खाली करता येतात. पण 'द कंटेंट'मधून आलेल्या चौकटी तिथेही मजकुराच्या ब्लॉकच्या आतच राहतात.

सीएसएसने क्रम बदलणं हा झटपट उपाय वाटतो, पण त्याने फक्त दिसणं बदलतं. पानाच्या कोडमधला क्रम तोच राहतो. दृष्टिहीन व्यक्तींसाठी पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर सहसा तो जुनाच क्रम ऐकवतात.

वाचकाला याचा काय फरक पडतो?

सर्वांत मोठा फरक पैसे घेऊन केलेल्या मजकुराबाबत पडतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियमावली आणली. जाहिरातीचा उल्लेख सुरुवातीलाच आणि सहज दिसेल असा हवा, तो इतर मजकुरात दडलेला नसावा, असं ती सांगते. ब्लॉगरने ही ओळ प्रामाणिकपणे लिहिली, पण प्लगिनने ती सगळ्या चौकटींच्या खाली ढकलली, तर वाचकाला ती दिसतच नाही. चूक दुरुस्त केल्याची नोंद किंवा आरोग्यविषयक लेखातला 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' हा इशारा, यांनाही हेच लागू होतं.

अशा ओळीसाठी सोपा मार्ग म्हणजे ती प्लगिनवर न सोडता लेखाचा पहिला परिच्छेद म्हणून लिहिणं. वरच्या बाजूला बटणं आली तरी ती लेखासोबतच राहते. बाकी चौकटींचा क्रम मात्र मोबाइलवर एकदा शेवटपर्यंत स्क्रोल करून तपासावा. नवं प्लगिन टाकल्यावर किंवा थीम बदलल्यावर ही तपासणी पुन्हा करावी लागते, कारण एका नव्या नोंदीनेही आधीची रांग बदलू शकते.