नियंत्रकाची उष्णता
रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तेथून उत्तरेस उरला व सिलतरा ह्या औद्योगिक वसाहती लागतात. तेथील रोलिंग मिलमध्ये मोटरींचा वेग आवरणारी जी कपाटे असतात, त्यांना कामगार ‘ड्राइव्ह’ म्हणतात. ह्या यंत्रांचा इतिहास म्हणजे बव्हंशी उष्णतेच्या विल्हेवाटीचाच इतिहास होय.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली, तेव्हा मोटरींचा वेग रोधकांनी आवरीत. नको ती वीज त्यांत जाळावयाची आणि उष्णता वाऱ्यावर सोडावयाची. उधळपट्टी खरीच, पण धातूच्या त्या जाळ्यांना तापण्याचे भय नव्हते.

१९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर सिद्ध केला. ही सिलिकॉनची चकती वीज जाळीत नाही, क्षणोक्षणी जोडते. उष्णता फार घटली. मात्र उरली ती नखाएवढ्या जागेत कोंडली, आणि सिलिकॉनला साधारणतः १२५ अंशांपलीकडे सोसवत नाही. म्हणून पाठीशी ॲल्युमिनियमच्या पात्यांची हीट सिंक आली, पंखा आला, मोठ्या यंत्रांत पाणीही आले.

नियंत्रकाची क्षमता बहुधा भोवतालची हवा ४० अंश धरून सांगतात. रायपूरचा मे महिना ४५ अंशांना टेकतो! तेव्हा एक माप मोठे यंत्र घ्यावे लागते. काटकसर केली, तर ऐन पाळीत ते स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडते. शिवाय पंखा जी हवा ओढतो, तिच्यात लोखंडाची धूळ असते, भातगिरणीत कोंड्याची भुकटी. पात्यांतील फटी बुजल्या, की पंखा नुसता फिरत राहतो.