परसातील तळे

घरामागच्या परसात दोन हात खोलीचे तळे असावे, त्यात कमळाची चार पाने तरंगावी आणि पानांखालून मासे फिरताना दिसावे, ही हौस आमच्या विलेपार्ल्यात काही नवी नव्हे. १९२१ साली येथे पार्ले टिळक विद्यालय निघाले, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. त्या पिढीने भातखाचरे व वाड्या यांच्या जागी जे बैठे बंगले उठविले, त्यांच्या परसात विहीर असावयाचीच आणि विहिरीलगत कपडे धुण्याचा वा झाडांना पाणी देण्याचा हौदही बहुधा असावयाचा. त्या हौदात मासे सोडण्याची कल्पना कोणाला सुचावी यात नवल ते काय? आज बंगले जाऊन मनोरे उभे राहत आहेत, आणि हौसेचे तळे मात्र नव्या रूपाने, म्हणजे गच्चीवर, सज्जात अगर इमारतीच्या दर्शनी बागेत, पुन्हा अवतरत आहे. त्याच्या मालकाची तक्रार सर्वत्र एकच: पाणी हिरवे होते, मासे मरतात, वर डासांचा बोभाटा. विषय क्षुल्लक खरा. परंतु याच तक्रारीपायी मुंबई शहरात एके काळी धर्म, शास्त्र आणि नगरपालिका यांची मोठी झटापट झाली होती, हे आजच्या वाचकांस फारसे ठाऊक नसते. म्हणून तिचा थोडा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मासा पाळण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रातले व गोड्या पाण्यातले असे माशांचे वर्ग त्यात केलेले आहेत आणि कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे हेही सांगितले आहे. अर्थात राजाचा हेतू पुढे गळ टाकण्याचा होता, पाणी निवळ राखण्याचा नव्हे. सामान्य गृहस्थाची दृष्टी याहून वेगळी होती. तो विहिरीत मासे वा कासव सोडी ते पाण्यातले किडे व घाण त्यांनी खावी म्हणून. वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांत ‘बावखल’ नावाची जी लहान तळी आहेत, ती तर शेतकऱ्याने स्वतः खणलेली. त्यांच्यावर केळी व पानवेली पोसल्या गेल्या. बावखलाचे पाणी बागेसाठी सतत उपसले जाई आणि तळाचा गाळ काढून झाडांच्या बुंध्याशी पडे. बावखल निरोगी राहिले याचे रहस्य या दोन क्रियांत आहे: जे आत येई ते बाहेरही जाई. शोभेच्या तळ्यात नेमके हेच घडत नाही. तेथे खाद्य रोज आत जाते आणि बाहेर काहीच येत नाही.

या जमाखर्चाची शास्त्रशुद्ध मांडणी प्रथम इंग्लंडात झाली. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. काचेच्या भांड्यात त्याने दोन लहान सोनेरी मासे ठेविले आणि फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लाविली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, हे यान इंगेनहाऊस याने १७७९ सालीच पाण्यात बुडविलेल्या पानांवरून दाखविले होते. तेव्हा मासा व वनस्पती एकमेकांस पुरे पडतील असा वॉरिंग्टनचा अदमास. पण काही दिवसांनी जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा बुरा धरला. मग त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडिल्या. त्यांनी कुजकी पाने व बुरा खाऊन टाकिला आणि पाणी निवळले. केवढा साधा प्रयोग, आणि केवढा अर्थपूर्ण! दोन घटकांचे गणित जमत नव्हते, ते तिसऱ्याने जमविले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, १८५४ साली फिलिप गॉस याच्या पुस्तकाने काचपेटीचे वेड घरोघर नेले, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने चौथा घटक उजेडात आणिला. माशाच्या विष्ठेतून व उरल्या अन्नातून जो अमोनिया निघतो तो माशाला विषासारखा असतो. काही सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग पुष्कळच निरुपद्रवी असे नायट्रेट करितात, आणि ते नायट्रेट वनस्पती खातात. हे जंतू तळ्याच्या भिंतीवर, दगडांवर, गाळाच्या वरच्या थरात वसती करून असतात. दर महिन्यास तळे रिकामे करून भिंती घासून काढणारा टापटिपीचा गृहस्थ आपल्याच हाताने आपला चाकरवर्ग हाकलून देतो व मग मासे का मरतात म्हणून विचारतो.

युरोपात ही विद्या वाढत असता मुंबईत काय चालले होते? १८६० साली विहारचे, १८७९ साली तुळशीचे आणि १८९२ साली तानसाचे पाणी नळाने शहरात आले. जे पाणी कालपर्यंत जीवन होते ते एका पिढीत अडगळ झाले. वापर थांबताच तलाव नासले आणि नासताच बुजविले गेले. धोबी तलाव, गवालिया टँक, खारा तलाव, दोन टाकी ही नावे तेवढी राहिली, पाणी गेले. विहिरी मात्र घरोघर खाजगी मालकीच्या असल्यामुळे टिकल्या आणि लवकरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस याला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्यानंतर दहाबारा वर्षांत मुंबईतला अपराधी डासही ओळखला गेला. ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हे त्याचे नाव. त्याची खोड ध्यानात घेण्याजोगी आहे. हा डास गटारात अंडी घालीत नाही. त्याला स्वच्छ पाणी लागते: विहिरीचे, हौदाचे, गच्चीवरच्या टाकीचे. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाची चौकशी करून १९११ साली जो अहवाल दिला, त्यात विहिरींवर मुख्य ठपका आला. विहिरी बुजवाव्या अथवा डास शिरणार नाही अशा झाकाव्या, हा उपाय ठरला. यावर गदारोळ उठला. पारशी व हिंदू दोन्ही समाजांतील धर्मनिष्ठांस नित्यकर्मासाठी विहिरीचेच पाणी लागे, आणि सूर्यकिरणांचा स्पर्श न झालेले पाणी त्यांस चालत नसे. अखेर झाकणात जाळीची झडप ठेवण्याची तडजोड निघाली. या वादाच्या निमित्तानेच रुस्तम मसानी यांनी ‘फोकलोर ऑफ वेल्स’ हा जलपूजेवरचा सुंदर ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध केला. मसानी हे महापालिकेचे चिटणीस आणि पुढे तिचे आयुक्त. ज्या कचेरीतून विहिरी झाकण्याचे हुकूम सुटले, तिच्याच एका अधिकाऱ्याने विहिरींतील देवतांची कैफियत लिहावी, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते.

झाकणाखेरीज दुसरा मार्ग माशाचा होता, आणि तोही त्या काळी विचारात होता. १९१२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमने सेवेल व चौधरी यांची डासांच्या अळ्या खाणाऱ्या हिंदी माशांवर एक पुस्तिका काढिली. मग माशाऐवजी झाकण का जिंकले? आमच्या मते कारण शास्त्रीय नसून कारकुनी होते. झाकण एकदा बसविले की त्याची नोंद होते व निरीक्षक पुढच्या घरी जातो. मासा हा जिवंत नोकर. तो मरतो, मोठा मासा त्याला गिळतो, काठाच्या गवतात व शेवाळात अळ्या लपल्या की त्याला त्या सापडत नाहीत. त्याच्यावर कोणीतरी आठवड्यास एकदा नजर टाकावी लागते. हजारो विहिरींवर अशी नजर ठेवणे कोणत्याही खात्याच्या आवाक्यातले नव्हते, हे न्यायाने कबूल केले पाहिजे. परंतु एका घरातील एका तळ्यावर ती ठेवणे अवघड का असावे?

या प्रकरणाने आमच्या विषयावर मोठाच प्रकाश पडतो. नितळ पाणी आणि निरोगी पाणी एक नव्हे. आरशासारखे स्वच्छ पण मासा नसलेले तळे हे स्टीफेन्सीला, आणि आजच्या काळात डेंग्यू पसरविणाऱ्या एडिसलाही, आमंत्रण आहे. उलट किंचित हिरवट पाण्यात चार मासे चपळ असतील आणि काठ मोकळे असतील, तर त्या घराला भय थोडे. म्हणून पाणी नितळ करण्याच्या ज्या औषधी पुड्या बाजारात मिळतात त्यांच्याविषयी आम्हांस प्रेम नाही. हिरवेपणा म्हणजे पाण्यात वाढलेले सूक्ष्म शैवाल. ते अति उजेड व अति खाद्य यांवर वाढते. ते औषधाने मारिले तर कुजून प्राणवायू खाते, आणि त्याचे खत होऊन पुढच्या पंधरवड्यात दुसरे शैवाल उगवते.

पार्ल्याच्या हवेत तळ्याचे वर्ष कसे जाते तेही पाहिले पाहिजे. विलायती पुस्तकांत हिवाळा हा शत्रू असतो, तळे गोठेल ही भीती; आपल्याकडे शत्रू वैशाख आहे. वीस अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर साडेसातच. आणि त्याच उष्णतेने माशाचा श्वास मात्र वाढतो. वनस्पतीही रात्री प्राणवायू देत नाहीत, घेतात. म्हणून तळ्याची नाडी पाहण्याची वेळ पहाटेची. उजाडताना मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करीत असतील तर मासे फार झाले अथवा खाद्य फार झाले असे समजावे. पाण्याचा निम्मा पृष्ठभाग कमळाच्या वा कुमुदिनीच्या पानांनी झाकलेला असावा, दुपारचे ऊन थेट पडू नये, खोली दोनअडीच फुटांहून कमी नसावी. आटलेले पाणी भरताना नळाखाली तळे सोडू नये. नळातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो व ते उपकारक जंतूही मारतो. पाणी उघड्या घागरीत दिवसभर ठेवून मग थोडे थोडे घालावे. सिमेंटचा हौद नवा असेल तर त्यातील चुना पाण्यात उतरतो. तो अनेक वेळा भरून रिकामा केल्यावाचून मासे आणूच नयेत.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. अंगणातले मातीचे पाणी आत येऊ नये म्हणून काठ वीतभर उंच हवा, आणि वाहून जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाळी हवी. झड लागली की उजेड नाही, वनस्पती मंद होतात. अशा दिवसांत खाद्य आवरते घ्यावे. आश्विनातील उन्हाने शैवाल पुन्हा उसळते, तेव्हा पिवळी पाने रोज काढावी. गाळ काढावयाचा तो थंडीत, आणि तोही सगळा नव्हे. पाणी निम्मे ठेवून, भिंती न घासता. काढलेला गाळ कर्दळीला वा केळीला घालावा. पाणी खेळविणारा पंप असल्यास उत्तम, परंतु त्याची गाळणी तळ्याच्याच पाण्यात विसळावी.

जमाखर्च बिघडला की काय होते याचे थोरले उदाहरण पार्ल्यापासून दूर नाही. पवईचा तलाव १८९०-९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधिला. ते पाणी पिण्यास अयोग्य ठरले आणि तलाव गळ टाकणाऱ्यांकडे गेला. पुढे भोवती वस्ती वाढली, सांडपाणी आत येऊ लागले आणि जलपर्णीने पाणी झाकले. तेथे शैवाल व जलपर्णी हा रोग नव्हे. आत येणारे खाद्य हा रोग. यंत्रे लावून जलपर्णी कितीही काढा, ती पुन्हा येते.

आता मासा कोणता, एवढे सांगावयाचे उरले. महापालिकेचे कीटकनाशक खाते आजही विहिरींत व टाक्यांत गप्पी सोडते. हा मासा आपला नव्हे; त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्या नावावरून १८६६ साली त्याला जे शास्त्रीय नाव मिळाले त्याचा हा अवशेष. दुसरा गॅम्बुसिया, तो १९२८ साली इटलीतून भारतात आणिला गेला. दोघेही अळ्या खातात आणि दोघेही झपाट्याने वाढतात. गॅम्बुसियाला तर जगातील शंभर अति उपद्रवी परकीय जीवांच्या यादीत स्थान मिळाले आहे, कारण तो नद्याओढ्यांतील देशी माशांची पिल्ले व अंडी फस्त करितो. झाकलेल्या टाकीत तो सोडणे वेगळे, उघड्या तळ्यात वेगळे. २६ जुलै २००५ रोजी आमच्या शेजारी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी कोणत्या हौदातला मासा हौदात राहिला असेल?

देशी माशांत या कामी उत्तम असा एक आहे: अंगठ्यापेक्षा थोडा लांब, पाठीने सपाट, तोंड वर वळलेले, डोक्यावर रुपेरी ठिपका; पाण्याच्या पृष्ठभागाला लगटून पोहतो आणि वर येणारी अळी सोडीत नाही. प्राणिशास्त्रज्ञ त्याला ॲप्लोचीलस म्हणतात. कोकणातील ओढे व भातखाचरांचे पाट हे त्याचे घर. पार्ल्यात खाचरे उरली नाहीत. तो हवा असल्यास वसईच्या पलीकडे, जेथे अजून भात लावितात, तेथल्या पाटातून पाचसहा आणावे. भांड्यावर जाळी बांधावी, कारण हा मासा उड्या मारितो.