आब्रुत्सो

आब्रुत्सो : मध्य इटलीतील डोंगराळ प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे १०,८०० चौ. किमी., लोकसंख्या सुमारे पावणेतेरा लाख. पश्चिमेस लात्सिओ, उत्तरेस मार्के, दक्षिणेस मोलिझे आणि पूर्वेस एड्रिअ‍ॅटिक समुद्र. लाक्विला, तेरामो, पेस्कारा व किएती हे चार प्रांत, राजधानी लाक्विला. १९६३ पर्यंत मोलिझे याच प्रदेशाचा भाग होता. रोमपासून लाक्विला जेमतेम शंभर किमी. आहे, तरीही मधल्या डोंगरांमुळे हा मुलूख शतकानुशतके एका बाजूला पडला. इटलीच्या मुख्य भूमीवरील अपेनाइन पर्वतातील सर्वांत उंच शिखर, कोर्नो ग्रान्दे (२,९१२ मी.), येथील ग्रान सास्सो पर्वतात आहे. मायेल्ला पर्वतातील माँते आमारो (२,७९३ मी.) दुसऱ्या क्रमांकाचे.

या प्रदेशाची गावे, राने आणि जेवण समजून घ्यायचे तर सुरुवात मेंढीपासून करावी लागते. उन्हाळ्यात डोंगरावर चारा भरपूर, हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. म्हणून शरद ऋतूत कळप दक्षिणेकडे आपुलिआच्या सपाट कुरणांत उतरत आणि मे महिन्याच्या सुमारास परत वर चढत. या वाटांना ‘त्रात्तूरो’ म्हणतात. लाक्विलाहून फोज्जापर्यंत जाणारा ‘त्रात्तूरो माग्नो’ २४४ किमी. लांब होता. मोठ्या त्रात्तूरोची ठरलेली रुंदी १११ मीटर. कारण तो रस्ता होता आणि कुरणही, मेंढरे चालता चालता चरत. नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने १४४७ मध्ये या स्थलांतरावर कर बसवून त्यासाठी स्वतंत्र खाते उभे केले. ते १८०६ पर्यंत चालले. राज्याच्या तिजोरीला मेंढरांपासून इतके उत्पन्न होते की शेतकऱ्याने वाटेवर नांगर घातला तर तो गुन्हा ठरे. ऋतुमानानुसार होणाऱ्या या स्थलांतराची नोंद युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केली. आता बहुतेक कळप ट्रकमधून जातात. पायी जाणारे थोडे.

गावे : ग्रान सास्सोच्या दक्षिण उतारावरील सान्तो स्तेफानो दी सेस्सानिओ, कास्तेल देल माँते, कालाशो ही गावे लोकरीच्या पैशावर उभी राहिली. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने १५७९ मध्ये सान्तो स्तेफानो व आसपासची जहागीर विकत घेतली ती लोकरीसाठीच. घरे चुनखडीच्या दगडाची, एकमेकांना चिकटलेली, भिंतींचीच तटबंदी झालेली. गल्ल्या इतक्या अरुंद की काही जागी घरांखालच्या कमानीतूनच वाट काढावी लागते. कालाशोच्या वर १,४६० मी. उंचीवर पडका किल्ला आहे. चार कोपऱ्यांवर बुरूज असलेल्या या किल्ल्यातून खालचे कळप आणि पलीकडची खोरी एका नजरेत येतात.

ही गावे आज जशीच्या तशी दिसतात याचे श्रेय जतनाच्या धोरणाला फारसे देता येत नाही. मेंढपाळी कोसळली, लोक अमेरिका, कॅनडा, बेल्जियम, व्हेनेझुएला, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पोटामागे गेले आणि नवे बांधायला कुणी उरले नाही. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील कोळसा खाणीला आग लागून २६२ कामगार मृत्यू पावले. त्यांतील १३६ इटालियन होते आणि त्यांत आब्रुत्सोचे लोक सर्वाधिक. मायेल्लाच्या पायथ्याच्या मानोप्पेल्लो या एकाच गावातील कितीतरी घरांचे कर्ते पुरुष त्या दिवशी गेले. दगडी गल्ल्यांचे सौंदर्य वर्णन करणाऱ्याने हा इतिहास गाळू नये. सान्तो स्तेफानोत आज शंभर-सव्वाशे माणसे राहतात. तेथील ओस घरे मूळ चुन्याचा गिलावा, काजळी धरलेले छत यांसह दुरुस्त करून गावभर विखुरलेल्या खोल्यांचे एक हॉटेल केले गेले, आणि तो नमुना पुढे इटलीत बराच गाजला.

भूकंप हे दुसरे संकट. १३ जानेवारी १९१५ च्या भूकंपात आव्हेझ्झानो शहर जमीनदोस्त झाले. त्या भागात सुमारे तीस हजार बळी गेले. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे लाक्विला हादरले, ३०९ माणसे दगावली आणि सान्तो स्तेफानोचा मेदिचींच्या नावाने ओळखला जाणारा बुरूजही कोसळला. तो नंतर पुन्हा उभारला.

इतर गावांपैकी तळ्याकाठचे स्कान्नो छायाचित्रकारांमुळे जगाला ठाऊक झाले : आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९५१ मध्ये आणि मारिओ जाकोमेल्ली यांनी त्याच दशकाच्या अखेरीस तेथील काळ्या पोशाखातल्या स्त्रिया टिपल्या. कोकुल्लो येथे १ मे रोजी संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत बिनविषारी साप सोडून मिरवणूक काढतात. साप पकडणारे गावकरी ते आधी काही आठवडे रानातून गोळा करतात आणि उत्सवानंतर पुन्हा रानात सोडतात.

निसर्ग : प्रदेशाचा सुमारे एकतृतीयांश भाग संरक्षित आहे. तीन राष्ट्रीय उद्याने येथे आहेत. त्यांतील सर्वांत जुने पेस्कास्सेरोली गावी १९२२ मध्ये सुरू झाले. तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांचा जन्म याच गावचा. मार्सिका भागातील तपकिरी अस्वल ही जगात फक्त या टापूत उरलेली उपजाती. एकूण संख्या पन्नास-साठच्या घरात. अपेनाइन शाम्वा हे डोंगरी खूरधारी जनावर पहिल्या महायुद्धानंतर काही डझनांवर आले होते. उद्यानाने ते वाचवले आणि १९९० च्या दशकारंभी मायेल्ला व ग्रान सास्सोवर पुन्हा सोडले. लांडगाही या भागात तगला आणि पुढे पुन्हा इटलीभर पसरला. अस्वलाचे मात्र अजून बरे चाललेले नाही. गावात बिनधास्त फिरणारे, सर्वांना नावाने माहीत असलेले ह्वान कार्रीतो हे अस्वल जानेवारी २०२३ मध्ये मोटारीखाली मेले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर त्याची आई आमारेना बंदुकीच्या गोळीला बळी पडली, तेव्हा तिच्यासोबत दोन पिल्ले होती. पन्नास-साठांतून एक प्रसूतिक्षम मादी जाणे हा फार मोठा तोटा आहे.

ग्रान सास्सोच्या पायथ्याचे काम्पो इम्पेरातोरे हे सुमारे १,८०० मी. उंचीवरील विस्तीर्ण पठार म्हणजे जुन्या उन्हाळी कुरणांचा गाभा. येथील हॉटेलात पदच्युत हुकूमशहा मुसोलिनीला १९४३ मध्ये नजरकैदेत ठेवले होते. १२ सप्टेंबरला जर्मन सैनिकांनी ग्लायडरने उतरून त्याला सोडवले. कोर्नो ग्रान्देच्या कुशीतील काल्देरोने हिमनदी विरत चालली असून २००० मध्ये तिचे दोन तुकडे झाले.

खाद्य : सर्वांत ओळखीचा पदार्थ आरोस्तिचीनी. मेंढीच्या मटणाचे साधारण एक सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे, मध्ये मध्ये चरबीचा तुकडा, असे काडीला ओवतात. शेगडी मुद्दाम पन्हळीसारखी लांब-अरुंद केलेली असते : मांस निखाऱ्यांवर राहते आणि काडीचे टोक बाहेर, त्यामुळे ते जळत नाही आणि मूठभर काड्या एकदम उलटता येतात. मसाला नाही. भाजून झाल्यावर फक्त मीठ. खायचे हातानेच, काडी दातांत आडवी धरून. सोबत तेल लावलेला पाव आणि माँतेपुल्चानो द्राक्षांची लाल वाइन. हे म्हाताऱ्या मेंढीचे, दूध आटलेल्या जनावराचे मांस वापरण्यातून आलेले मेंढपाळी अन्न आहे; उंची हॉटेलांत कोवळ्या कोकराचे करतात त्याला ती चव येत नाही.

चीज अर्थातच मेंढीच्या दुधाचे. फारिन्दोलाचे पेकोरीनो वेगळे : दूध साकळण्यासाठी वासराच्या किंवा कोकराच्या नव्हे तर डुकराच्या जठरातील रेनेट वापरतात, आणि ते बनवण्याचे काम परंपरेने बायकांकडे. सान्तो स्तेफानोचा मसूर बारीक, काळपट आणि हजार मीटरच्या वर पिकणारा. तो भिजवावा लागत नाही. लसूण, तमालपत्र आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर त्याचे सूप होते.

नाव्हेल्लीच्या पठारावरील केशराला २००५ पासून युरोपीय संघाचे उगमस्थान-संरक्षण आहे. कंद दरवर्षी ऑगस्टमध्ये उपटून, निवडून पुन्हा लावतात. ऑक्टोबरात फुले उमलण्याआधी पहाटे खुडतात, त्याच दिवशी तांबडे तंतू वेगळे करून निखाऱ्यांच्या मंद आचेवर वाळवतात. किलोभर केशराला दीड ते दोन लाख फुले लागतात. इतके असून स्थानिक जुन्या पाककृतींत केशर क्वचितच दिसते. ते विकायचे पीक होते, पिकवणाऱ्याच्या ताटात येत नव्हते.

पास्त्यात ‘कितार्रा’ मुख्य : लाकडी चौकटीवर ताणलेल्या तारांवर पोळी ठेवून लाटणे फिरवले की चौकोनी शेवया खाली पडतात. तेरामोत १ मे रोजी ‘विर्तू’ करतात : हिवाळ्याची उरलेली सुकी कडधान्ये, डुकराच्या मांसाचे शेवटचे तुकडे, डब्यांच्या तळचा निरनिराळा पास्ता आणि वसंतातली कोवळी भाजी, प्रत्येक जिन्नस वेगळा शिजवून शेवटी एकत्र. सुल्मोना साखरेत घोळवलेल्या बदामांसाठी प्रसिद्ध आहे. किनाऱ्यावर ऑर्तोना ते व्हास्तो या पट्ट्यात ‘त्राबोक्को’ नावाची लाकडी खांबांवरची मासेमारीची मचाणे दिसतात. आता त्यांतील बऱ्याच ठिकाणी खाणावळी आहेत.

मराठी वाचकासाठी एक नोंद : नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो नदीवरची जर्मन फळी फोडणाऱ्या सैन्यात आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. तोरीनो दी सांग्रो येथील युद्धस्मशानात दहन झालेल्या भारतीय सैनिकांचे स्वतंत्र स्मारक आहे.

प्रवासासाठी मे-जून आणि केशराचा हंगाम म्हणून ऑक्टोबर उत्तम. हिवाळ्यात काम्पो इम्पेरातोरेचा रस्ता बर्फामुळे बंद असतो. मसूर, चीज वा केशर घ्यायचे तर गावातील उत्पादकाकडून घ्यावे आणि अस्वलांच्या टापूत गाडी सावकाश चालवावी.