परक्याची ठेव : बर्लिनच्या चित्रांचा अमेरिकेंतील प्रवास

१९४८ च्या १७ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत, म्हणजे अवघ्या चाळीस दिवसांत, वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरींत ९,६४,९७० माणसें येऊन गेलीं. एवढा लोकसमुदाय जमला तो कोणा मुत्सद्द्याचें भाषण ऐकण्यासाठीं नव्हे, तर दोनशें दोन जुनीं चित्रें पाहण्यासाठीं. हीं चित्रें अमेरिकेनें विकत घेतलेलीं नव्हतीं, किंवा ज्यांचीं तीं होतीं त्यांनीं आपण होऊन पाठविलेलींही नव्हतीं. तीं बर्लिनच्या संग्रहालयांचीं होतीं, आणि जेत्या सैन्यानें पराभूत देशांतून लष्करी जहाजानें तीं आणलीं होतीं. पुढें वर्षभर तीं शहरोशहरीं फिरलीं आणि १९४९ सालीं स्वदेशीं परत गेलीं. प्रदर्शनांचा इतिहास एरवीं मोठा नीरस असतो. उद्घाटन, गर्दी आणि समारोप यांपलीकडे त्यांत सांगण्यासारखें फारसें नसतें. परंतु या एका प्रदर्शनाच्या मागें जो वाद झाला तो वाचकांपुढें मांडण्याजोगा आहे. दुसऱ्याची वस्तु सांभाळण्यासाठीं म्हणून आपल्या घरीं आणावी, आणि ती ठेव आहे कीं लूट हें मात्र आणणाऱ्याच्याच शब्दावर ठरावें, हें कितपत न्याय्य, असा त्या वादाचा विषय होता.

ज्या स्थानांतून हीं चित्रें निघालीं त्याचा थोडा परिचय अवश्य आहे. बर्लिन शहराच्या मध्यभागीं स्प्रे नदीच्या दोन फांट्यांमध्यें एक बेट आहे. त्याच्या उत्तर भागावर शंभर वर्षांच्या अवधींत पांच संग्रहालयें उभीं राहिलीं. पहिलें, शिंकेल या वास्तुकारानें बांधलेलें, १८३० सालीं उघडलें आणि पांचवें, पेर्गामोनचें, १९३० सालीं. यांतील चौथें कैसर फ्रेडरिक संग्रहालय १९०४ सालीं बेटाच्या अगदीं टोंकाशीं, जेथें दोन्ही प्रवाह पुन्हां मिळतात तेथें, उभें राहिलें. बर्लिनचा चित्रसंग्रह तेव्हांपासून तेथें होता. विल्हेल्म फॉन बोडे हा त्याचा कर्ता पुरुष. आज त्या इमारतीस त्याचेंच नांव आहे. व्हिएन्ना किंवा माद्रिद येथील संग्रह राजघराण्यांच्या कित्येक पिढ्यांच्या हौसेंतून वाढले. बर्लिनचें तसें नाहीं. १८२१ सालीं प्रशियाच्या राजानें एडवर्ड सॉली नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्याचा सुमारें तीन हजार चित्रांचा संग्रह घेतला, तेथून त्याचा पाया घातला गेला; पुढें विद्वान अधिकाऱ्यांनीं एकेका संप्रदायाची उणीव हेरून तो भरून काढला. एखाद्या व्यासंगी गृहस्थाची ग्रंथांची कपाटें आणि एखाद्या सरदाराची तोशाखान्याची खोली यांत जो फरक, तोच येथें समजावा.

आपले ठेवे जेत्याच्या गाड्यांतून जातांना पाहण्याचा प्रसंग बर्लिनवर पूर्वींही आला होता. १८०६ सालीं नेपोलियननें शहर घेतलें तेव्हां ब्रांडेनबुर्ग वेशीवरील चार घोड्यांचा रथच त्यानें उतरवून पॅरिसला नेला. तो १८१४ सालीं परत आला. याहून बोधप्रद उदाहरण घेंट येथील वेदीचित्राचें आहे. व्हान आयक बंधूंच्या या सुप्रसिद्ध चित्राच्या सहा बाजूच्या फळ्या १८१६ सालीं घेंटच्याच एका धर्माधिकाऱ्यानें विकल्या, आणि त्या सॉलीकडून बर्लिनला आल्या. व्यवहार उघड होता, पैसा मोजलेला होता. तरीही पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाच्या २४७ व्या कलमान्वयें त्या बेल्जमला द्याव्या असें ठरलें आणि १९२० सालीं त्या गेल्या. लूव्हेनचें ग्रंथालय जर्मन सैन्यानें जाळलें होतें, त्याची भरपाईही याच कलमांत होती. तेव्हां बेल्जमविषयीं सहानुभूति वाटल्यावांचून राहत नाहीं. परंतु ही सल जर्मनींत राहिली. दुसऱ्या महायुद्धांत बेल्जमनें तें चित्र सुरक्षिततेसाठीं फ्रान्समध्यें ठेवलें असतां १९४२ सालीं हिटलरच्या माणसांनीं तें तेथून संबंधच उचलून नेलें. १९४५ सालीं ऑस्ट्रियांतील आल्टाउसे येथील मिठाच्या खाणींत तें अमेरिकन सैन्यास सांपडलें व पुन्हां घेंटला पोंचलें. ही हकीकत येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, १९४५ सालीं ज्यांना बर्लिनच्या चित्रांविषयीं निर्णय घ्यावयाचा होता त्यांच्या डोळ्यांपुढें ती ताजी होती.

युद्धकाळांत बर्लिनचीं चित्रें बेटावरून हालवून शहरांतील प्रचंड काँक्रीटच्या विमानविरोधी बुरुजांत ठेवलीं होतीं. १९४५ च्या मार्चमध्यें, रशियन सैन्य ओडर नदीशीं येऊन ठेपलें असतां, त्यांतील निवडक भाग घाईनें थुरिंगियांतील मेर्केर्स येथील खाणींत पाठविण्यांत आला. ४ एप्रिल रोजीं तें गांव अमेरिकेच्या तिसऱ्या सैन्याच्या हातीं आलें. खाणींत कांहींतरी मोलाचें दडविलें आहे ही बातमी दोन विस्थापित फ्रेंच स्त्रियांकडून सैनिकांना लागली. दोन हजार फूट खोल उतरून पाहतात तों जर्मन राज्यबँकेचें सोनें रांगोळीनें मांडावें तसें पिशव्यांच्या ओळींनीं मांडलेलें, आणि शेजारच्या भुयारांत बर्लिनचीं चित्रें! १२ एप्रिल रोजीं आयसेनहॉवर, ब्रॅडले आणि पॅटन हे तिघेही सेनानी तीं पाहण्यास खाणींत उतरले. माने याचें हरितगृहांतील दांपत्याचें चित्र सैनिक न्याहाळीत उभे आहेत, असें त्या वेळचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. चित्रें बाहेर काढण्याचें काम जॉर्ज स्टाउट या अधिकाऱ्याकडे होतें. चित्रांची दुरुस्ती व जतन हा त्याचा मूळचा व्यवसाय. पेट्यांना व गुंडाळण्याला सामान मिळेना, तेव्हां त्यानें जर्मन लष्कराच्या सांठ्यांतील मेंढीच्या कातड्याचे कोट आणून त्यांत तीं चित्रें बांधलीं. आम्हांस या साऱ्या प्रकरणांत हा कोटांचा तपशील सर्वांत हृद्य वाटतो.

मेर्केर्सला जें गेलें तें वांचलें. बर्लिनमध्यें जें राहिलें त्याचा मोठा भाग नष्ट झाला. मे १९४५ मध्यें, शहर पडल्यानंतर, फ्रीड्रिक्सहाइनच्या बुरुजाला आग लागली आणि चारशेंहून अधिक चित्रें जळालीं. त्यांत काराव्हाज्जोचीं तीन होतीं. हीं चित्रें आतां केवळ जुन्या छायाचित्रांवरून ठाऊक आहेत. म्हणून, चित्रें अमेरिकेस नेण्याचा विचार ज्यांनीं केला त्यांना सरसकट लुटारू म्हणणें बरें नव्हे. जर्मनींतील छपरें उडालेलीं, कोळसा नाहीं, हिंवाळा तोंडावर आलेला. अशा वेळीं एखाद्या सेनापतीला हा भार आपल्या शिरावर नको वाटावा हें स्वाभाविक आहे. जनरल क्ले यांनीं तसें कळविलें, आणि सप्टेंबर १९४५ मध्यें वॉशिंग्टनहून जाहीर झालें कीं, चित्रें केवळ सांभाळण्यासाठीं आणलीं जातील व योग्य स्थिति येतांच परत केलीं जातील.

या निवेदनावर पहिला आक्षेप कोणी घेतला? जर्मनांनीं नव्हे, त्यांना त्या वेळीं तोंडच नव्हतें. तो घेतला अमेरिकेच्याच लष्करी गणवेषांतील माणसांनीं. युद्धांत सांपडलेल्या इमारती व कलावस्तु यांच्या रक्षणासाठीं मित्रसैन्यांत कांहीं अधिकारी नेमलेले होते. त्यांतील बहुतेक पूर्वींचे अध्यापक, संग्रहालयांतील अधिकारी किंवा वास्तुकार. वीसबाडेन येथील संग्रहालयाच्या इमारतींत मेर्केर्सचीं चित्रें आणून ठेवलीं होतीं व वॉल्टर फार्मर नांवाचा कॅप्टन त्या ठाण्याचा मुख्य होता. उद्ध्वस्त शहरांत कांचा मिळवून त्यानें खिडक्या बसविल्या होत्या, पहारा व ऊब यांची व्यवस्था केली होती. आणि हें सर्व झाल्यावर उत्तमोत्तम दोनशें चित्रें तत्काळ जहाजावर चढवावीं असा हुकूम आला. ७ नोव्हेंबर १९४५ रोजीं त्याच्याकडे जमलेल्या सहकाऱ्यांनीं एक निषेधपत्र लिहिलें व चोवीस जणांनीं त्यावर सह्या केल्या. शिस्तीच्या दृष्टीनें हें कृत्य लहानसहान नव्हतें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एका राष्ट्राचा वारसा दुसऱ्यानें कोणत्याही सबबीवर उचलून न्यावा याच्याइतकी दीर्घकाळ डांचणारी गोष्ट दुसरी नाहीं. आणि ‘रक्षणासाठीं नेलें’ हीच सबब सांगणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यांवर तर आपण खटले भरीत आहों.

या पत्रानें जहाज थांबलें नाहीं. डिसेंबरांत चित्रें न्यूयॉर्कला उतरलीं आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या कोठारांत गेलीं. परंतु जानेवारी १९४६ मध्यें पत्र छापून प्रसिद्ध झालें आणि त्याच वर्षीं पंचाण्णव कलापंडितांनीं व संग्रहालयांच्या चालकांनीं अध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे चित्रें परत करण्याविषयीं अर्ज केला. त्यांचा संशय अगदींच निराधार होता असें आम्हांस वाटत नाहीं. बर्लिनच्या संग्रहाचा धोका टाळावयाचा असता, तर साराच्या सारा टाळावयास हवा होता. प्रत्यक्षांत नेलीं तीं केवळ अव्वल चित्रें, बाकीचीं त्याच गळक्या जर्मनींत राहिलीं. शिवाय नॅशनल गॅलरी ही संस्था १९४१ सालीं उघडलेली, म्हणजे अगदीं तरुण. तिचे दाते अँड्र्यू मेलन यांनीं दहापंधरा वर्षांपूर्वींच रशियन सरकारकडून लेनिनग्राडच्या हर्मिटाजमधील एकवीस चित्रें विकत घेतलीं होतीं. तो व्यवहार रोखीचा होता व त्यांत दोष नाहीं. पण इतकी भूक असलेल्या घरीं परक्याचें ताट झांकून ठेवलें म्हणजे शेजारी कुजबुजणारच.

दोन वर्षें चित्रें कोणाच्या दृष्टीस पडलीं नाहींत. परत पाठविण्याचें ठरल्यावर, जाण्यापूर्वीं एकदां लोकांना दाखवावीं, म्हणून १९४८ चें प्रदर्शन झालें. रेम्ब्रांट, टिशियन, बोत्तिचेल्ली, रूबेन्स, हाल्स. व्हर्मीरची मोत्यांची माळ गळ्याशीं धरून उभी असलेली तरुणी. व्हान आयकचें चर्चमधील मेरीचें चित्र, जें हातभरही उंच नाहीं. रेम्ब्रांटच्या नांवावर असलेल्या ‘सोनेरी शिरस्त्राणाचा पुरुष’ या चित्रापुढें विशेष गर्दी होई. गंमत अशी कीं, १९८५ सालीं बर्लिनच्या तज्ज्ञांनींच तें रेम्ब्रांटच्या हातचें नसल्याचा निर्णय दिला. त्या चाळीस दिवसांत त्यापुढें स्तब्ध उभ्या राहिलेल्यांचा आनंद त्यामुळें कमी झाला असें मानण्याचें कारण नाहीं.

या अपूर्व यशानेंच खरा पेंच निर्माण केला. इतर शहरें मागणी करूं लागलीं. जर्मनींतील परिस्थिति सुधारेपर्यंत चित्रें येथेंच ठेवावीं अशा आशयाचें विधेयक सिनेटर फुलब्राइट यांनीं मांडलें. हे गृहस्थ विद्यार्थ्यांच्या परदेशगमनाच्या योजनेमुळें आपल्याकडेही आदरानें ओळखले जातात, आणि त्यांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण ‘परिस्थिति सुधारेपर्यंत’ या शब्दांना तारीख नसते. उलट, ज्यांनीं चित्रें पाठविण्याची सूचना केली होती ते जनरल क्लेच आतां दिलेला शब्द पाळावा म्हणून आग्रह धरूं लागले. अखेर तोड निघाली ती अशी: प्रवास सोसणार नाहीं अशीं, मुख्यतः लांकडी फळ्यांवरचीं, सुमारें पन्नास चित्रें लगेच परत गेलीं, उरलेलीं सैनिकांच्या पहाऱ्यांत दौऱ्यावर निघालीं. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बोस्टन, शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, मिनियापोलिस, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सेंट लुईस, पिट्सबर्ग आणि टोलेडो येथें तीं मांडलीं गेलीं. वॉशिंग्टनसुद्धां एकंदर प्रेक्षक पंचवीस लक्षांच्या घरांत होते. दौऱ्यांतील प्रवेशशुल्काची रक्कम जर्मन मुलांच्या मदतीसाठीं ठेवण्यांत आली. प्रेक्षकांत असे कित्येक असतील कीं, ज्यांचीं घरचीं मुलें त्याच जर्मनीशीं लढतांना पडलीं होतीं.

शेवटीं शब्द पाळला गेला, तेव्हां चोवीस जणांनीं उगाच आरडाओरडा केला असें म्हणणारेही आहेत. आमच्या मतें तो पाळला गेला याचें बरेंचसें श्रेय त्यांनाच आहे. पत्र छापलें गेल्यामुळें चित्रें परत करण्याचें वचन एखाद्या दप्तरांत निजून राहूं शकलें नाहीं. ज्या दरबारीं असें पत्र छापतांच आलें नसतें त्या दरबाराचें उदाहरणही उपलब्ध आहे. ड्रेस्डेनचीं चित्रें, राफाएलच्या सिस्टाइन मॅडोनासह, सोव्हिएत सैन्यानें नेलीं. तीं १९५५ सालीं मॉस्कोंत प्रदर्शनांत मांडून मग पूर्व जर्मनीस परत दिलीं, आणि पेर्गामोनची वेदीही पुढें दोनचार वर्षांत बेटावर आली. हें देणें मोठें होतें, तें नाकारतां येत नाहीं. परंतु ट्रॉय येथें श्लीमान याला सांपडलेलें सोनें, जें बर्लिनच्याच एका बुरुजांत होतें, तें आपल्यापाशीं आहे हें कबूल करण्यास मॉस्कोला १९९३ साल उजाडावें लागलें. आणि तें अद्याप तेथेंच आहे.

अमेरिकेंतून परतलेलीं चित्रेंही लगेच घरीं गेलीं नाहींत. घरच दुभंगलेलें होतें: संग्रहालयांचें बेट पूर्व बर्लिनमध्यें, चित्रें पश्चिमेकडे. प्रथम वीसबाडेन, मग पश्चिम बर्लिनमधील डालेम, आणि दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १९९८ पासून त्याच शहरांतील नवें चित्रसंग्रहालय, असा त्यांचा पुढील प्रवास आहे. बेटाला १९९९ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. हीं चित्रें मात्र बहुतांशीं तेथें नाहींत.

वॉल्टर फार्मर यांना १९९६ सालीं, मृत्यूच्या वर्षभर आधीं, जर्मन सरकारनें सन्मानचिन्ह दिलें. युद्धापूर्वीं ते सिनसिनाटी येथें घरांच्या अंतर्गत सजावटीचा व्यवसाय करीत. त्या शहराच्या कलासंग्रहालयानें २०२१ सालीं या दोनशें दोन चित्रांच्या प्रवासावरच एक प्रदर्शन मांडलें, आणि त्यासाठीं त्यांतलीं कांहीं चित्रें बर्लिननें आपण होऊन उसनीं पाठविलीं.